दहा मिनिटांची भानगड

जनावरांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत कुत्र्यांना आंघोळ घालणाऱ्या बाईला सगळे फेसमावशी म्हणतात. देह गोल, आवाज खणखणीत आणि पोटात काही राहील तर शपथ. कुत्र्यांच्या कातडीत जिवाणू शिरले की पुळ्या उठतात, पापुद्रे सुटतात. त्यावर औषधी शाम्पूचा फेस पूर्ण दहा मिनिटं मुरू द्यावा लागतो. खोलीतलं घड्याळ वाफेनं कधीच मेलं होतं. मावशींचं काही अडलं नाही. त्या कुत्र्याच्या कानात एक भानगड सांगायच्या. मोडलेलं लग्न म्हणजे बरोबर दहा मिनिटं. सासू-सुनेचं भांडण पंधरा, ते दाट केसांच्या कुत्र्यांसाठी. मांजरांना मात्र चकार शब्द नाही. "मेली घरोघर हिंडतात, बातमी फोडतील."

वीस वर्षांत घोळ झाला तो एकदाच, वकिलाच्या बुलडॉगपाशी.

"चार आठवडे झाले, कातडीच्या घड्यांमधल्या पुळ्या हटत नाहीत!" वकील डॉक्टरीणबाईंवर गरजला. "गोळ्या मी स्वतः देतो, एकही चुकलेली नाही. दोष आंघोळीचा. ही बाई बदला, नाहीतर वरपर्यंत तक्रार करतो."

डॉक्टरीणबाई मावशींच्या मुलीएवढ्या. त्या मागे आल्या. "मावशी, खरं सांगा, फेस किती वेळ ठेवता?"

"एक भानगड."

"आणि या कुत्र्याला कुठली सांगता?"

मावशींनी आधी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "त्याच्या मालकाचीच. पण तो मेला दाराबाहेरच्या बाकावर बसतो. मी सुरू केलं की खोकतो. मग मी गुंडाळते आणि पाणी ओतते."

"अहो, मग दुसरी सांगायची!"

"शिळी? आजारी जनावराला?"

"मावशी, नोकरी जाईल तुमची. घरी बसून कुणाला सांगणार आहात?"

हे मात्र लागलं. मावशींचा चेहरा आंघोळ घातलेल्या मांजरासारखा झाला.

पुढच्या आंघोळीला डॉक्टरीणबाईंनी वकिलालाच आत स्टुलावर बसवलं आणि आपलं मनगटी घड्याळ नळाला अडकवलं. मावशींनी घडी न् घडी उघडून फेस चोळला. एक मिनिट. दोन. तोंड बंद, त्यामुळे हात शिवशिवू लागले. तिसऱ्या मिनिटाला पाण्याचा तांब्या उचललाच.

"मावशी!"

मावशींनी तांब्या खाली ठेवला, डोळे मिटले आणि बांध फुटला. "तर बाळा, एक होता वकील. त्यानं बायकोला घटस्फोट दिला आणि आता कुत्रं फिरवायच्या नावाखाली रोज त्याच बायकोला चोरून भेटतो! परवा बागेत दोघं एका छत्रीत. पावसाचा थेंब नाही!"

डॉक्टरीणबाई छताकडे बघू लागल्या. वकील कुत्र्याच्या पोटापेक्षा लाल झाला.

"ऊन होतं," तो पुटपुटला.

"काय?"

"ऊन होतं, म्हणून छत्री. आणि रोज नाही. मंगळवार सोडून."

"मंगळवारी काय असतं?" फेसानं भरलेले हात कमरेवर ठेवून मावशींनी विचारलं.

"तिची आई येते. तिला अजून ठाऊक नाही."

"अगंबाई! बसा, नीट सांगा."

घड्याळानं चौदा मिनिटं दाखवली तेव्हा बुलडॉग घोरत होता आणि बाकी कुणाचं घड्याळाकडे लक्ष नव्हतं.

तीन आठवड्यांत पुळ्या गेल्या, तक्रार तर त्याआधीच. "आता आंघोळीची गरज नाही," असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगून पाहिलं. तरी वकील त्या तुकतुकीत कुत्र्याला घेऊन येतोच आणि थेट आत जाऊन स्टुलावर बसतो. माजी सासूबाईंचं प्रकरण काही पंधरा मिनिटांत आटपण्यासारखं नाही.