सात लिव्हरचं कुलूप आणि दहाची लाँच

सिंगापूरला गेस्टहाउसमध्ये उतरणार असाल तर खोलीला खिडकी आहे का, हे आधी विचारून घ्या. फोटोत पडदा दिसतो, म्हणून पडद्यामागे खिडकी असतेच असं नाही. मी मोठ्या थाटात पडदा बाजूला केला तर मागे भिंत, आणि भिंतीवर एक सूचना: खोलीत स्वयंपाक करू नये. जिना उभा आणि अरुंद असतो, तेव्हा बॅग एका हाताने उचलता येईल एवढीच भरा. चपला खाली दारातच काढायच्या. आपल्याकडचा चार्जर तिथल्या चौकोनी पिनांच्या सॉकेटमध्ये जात नाही, आणि रेटून घालायचा प्रयत्न केलात तर मालकीणबाईंना कसं कोण जाणे, खालच्या मजल्यावर कळतं.

या सगळ्या सूचना मी चार दिवसांत गोळा केल्या. सर्वांत महत्त्वाची मात्र एका सकाळी पाऊण तासात मिळाली. ती सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

माझे यजमान जहाजावर चीफ इंजिनीअर. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी त्यांच्याबरोबर पाच महिने समुद्रावर होते. मग लेक झाली, तिची शाळा, तिची बारावी, सासूबाईंचं दुखणं, आणि बघता बघता एकवीस वर्षं मी फक्त विमानतळावर निरोप देणारी बाई झाले. गेल्या वर्षी लेक शिकायला बाहेर पडली, आणि ह्यांनी फोनवर सांगितलं, "ही ट्रिप शेवटची. यानंतर मी समुद्र सोडतोय. शेवटचे दोन महिने येतेस का?"

येतेस का! मी चकल्यांची भाजणी दळायला टाकून मगच फोन ठेवला.

जहाज सिंगापूरच्या बाहेर नांगरावर थांबणार होतं, तेही जेमतेम दीड दिवस. जहाज कंपनीच्या एजंटची व्हॅन मला गेस्टहाउसवरून उचलणार, पिअरवर, म्हणजे धक्क्यावर, पासपोर्टवर शिक्का बसणार, दहाच्या लाँचने मी जहाजावर, आणि बाराला जहाज नांगर उचलून आफ्रिकेकडे. मधे एकही बंदर नाही. दहाची लाँच चुकली की ट्रिप चुकली, आणि ही चुकली की पुढची नाहीच.

तारखा मागेपुढे होतात म्हणून मी चार दिवस आधीच पोचले आणि लिटल इंडियाच्या मागच्या एका गल्लीत उतरले. गेस्टहाउस चालवणाऱ्या आंटी साठीच्या पुढच्या, चिनी, बुटक्या आणि अत्यंत टापटीप. पहिल्याच दिवशी त्यांनी मला जिन्याखाली भिंतीत ठोकलेली लोखंडी कपाटं दाखवली. मौल्यवान वस्तू तिथे ठेवायच्या, कुलूप ज्याचं त्याने आणायचं.

हे वाक्य ऐकून माझा ऊर भरून आला. कुलूप? पुण्याहून निघताना मी बॅगेत पहिली वस्तू टाकली होती ती कुलूपच. लोकांसारखं नाजूक, आकडे फिरवायचं, बिस्किटाएवढं कुलूप नव्हे. आमच्या फ्लॅटच्या बाहेरच्या जाळीचं, सात लिव्हरचं, पितळी, हातात घेतलं तर मनगट खाली जाईल असं. आंटींनी ते पाहिलं, उचललं, परत दिलं आणि म्हणाल्या, "वा! यू बँक, आह?"

कपाटात पासपोर्ट, जहाजाची पत्रं आणि दागिन्यांची डबी ठेवली. कुलूप लावलं. आपल्याकडे लावतात तसं तीनदा ओढून पाहिलं. आणि किल्ली, आईने शिकवल्याप्रमाणे, सेफ्टी पिनने सलवारीच्या नेफ्याला आतून लावली. तुम्ही म्हणाल, दुसरी किल्ली कुठे होती? त्याच कडीत. वेगळी ठेवली तर हरवते ना!

आता ती सकाळ. व्हॅन पावणेनऊला येणार होती. मी पहाटेच उठून आंघोळ केली आणि ह्यांच्या हुकमाप्रमाणे पँट घातली, कारण जहाजाच्या अंगाला टेकवलेली शिडी चढायची होती. मग लक्षात आलं की खोलीच्या भाड्यात कपड्यांचं एक धुणं धरलेलं आहे आणि मी ते वापरलेलंच नाही. चार दिवसांचे घामेजलेले कपडे घेऊन, सात महिन्यांनी, नवऱ्याला भेटायला जायचं? आणि हक्काचं धुणं सोडून? आठ वाजता मी सगळे कपडे मागच्या मोरीतल्या मशीनमध्ये कोंबले, बटणावरची अक्षरं चिनी होती म्हणून सर्वांत पहिल्या खुणेवर फिरवलं, आणि चहा प्यायला गेले. मनात धरून चालले होते, अर्धा तास.

साडेआठला कपाटापाशी आले. हात कमरेशी गेला. तिथे पँटचा पट्टा होता.

नेफा मशीनमध्ये होता.

मोरीपर्यंतची ती दहा पावलं मला अजून आठवतात. मशीनच्या गोल काचेत माझी मोरपंखी सलवार वर यायची, वळायची, फेसात बुडायची. मधेच काचेवर टक् असा आवाज व्हायचा. माझी किल्ली मला आतून बोलावत होती. वर लाल आकडे: एक तास एकोणतीस मिनिटं.

मी दार ओढलं. मग बटणं दाबली, एकेक करून आणि सगळी एकदम. मशीन थांबलं, पण दार उघडेना. आवाज ऐकून आंटी आल्या.

"आंटी, किल्ली आत! पासपोर्ट कपाटात! जहाज!" मी तिन्ही दिशांना हात केले.

त्यांनी शांतपणे मशीनकडे पाहिलं. "कॅनॉट ओपन. इनसाइड वॉटर. यू वेट, लाह."

"वेट? बारा वाजता जहाज आफ्रिकेला जाईल!"

त्यांनी आतून लोखंड कापायची मोठी कात्री आणली. किल्ल्या हरवणारे पाहुणे त्यांना नवे नव्हते. दहा-बारा कुलपं या कात्रीने तोडली, असं त्या म्हणाल्या. कात्री माझ्या कुलपाला लावली, दोघींनी मिळून दांडे दाबले, आंटींचा चष्मा खाली आला, आणि कुलपावर एक ओरखडा उठला. ते कुलूप घेताना मी दुकानदाराला तीनदा विचारलं होतं, "नक्की तुटत नाही ना?" तो खोटं बोलला नव्हता.

आंटींनी किल्लीवाल्याला फोन लावला. तो अकराला येणार. मशीनची वीज बंद करून पाहिली. दार तसंच.

इतक्यात दारात व्हॅन. चालक मलय अंकल, डोक्यावर गोल टोपी, हातात माझ्या नावाचा कागद. मी सगळं सांगितलं. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि अतिशय सभ्यपणे सांगितलं की व्हॅनमध्ये जहाजाच्या इंजिनाचे सुटे भाग आहेत, ते दहाच्या लाँचवर चढायलाच हवेत, म्हणून ते नऊ वीसपर्यंत थांबतील. सुटे भाग गेले नाहीत तर जहाज हलणार नाही. मी गेले नाही तर जहाज हलेल. इतकं स्पष्ट मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

नऊला आठ मिनिटं होती. मी ह्यांना फोन लावला. नांगरावर असल्याने रेंज होती.

"निघालीस?"

"अहो, किल्ली कपड्यांच्या मशीनमध्ये गेली. पासपोर्ट कपाटात आहे."

 "दुसरी किल्ली?"

"त्याच कडीत."

एकवीस वर्षांत हा माणूस माझ्यावर ओरडलेला नाही. तेव्हाही ओरडला नाही. फक्त म्हणाला, "फोन स्पीकरवर टाक. दार समोर आहे की वर?"

"समोर. गोल."

"खाली कोपऱ्यात चौकोनी झाकण असेल. उजवीकडे बघ."

"उजवीकडे म्हणजे माझ्या की मशीनच्या?"

"तुझ्या गं! तिथे एक बारीक नळी असते आणि एक दोरी. आधी नळीतून पाणी काढायचं, मगच दोरी ओढायची. उलटं केलंस तर पाणी तुझ्या अंगावर."

मी गुडघे टेकले. तोच आंटी माझ्या आणि मशीनच्या मधे उभ्या. "नो, नो! न्यू मशीन! यू स्पॉइल, हाउ?"

मी विनवलं. एकवीस वर्षं सांगितली, लेक सांगितली, शेवटची ट्रिप सांगितली, डोळ्यांत पाणीही आणलं, आणि ते खोटं नव्हतं. आंटी तसूभर हलल्या नाहीत. नऊ वाजून गेले.

तेव्हा अंकल दारातूनच म्हणाले, "आंटी, शी नो गो, शी स्टे हिअर. विथ यू."

आंटींनी माझ्याकडे पाहिलं. चार दिवसांत मी त्यांना विचारलेले सगळे प्रश्न बहुधा त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. अकराला माझ्या खोलीत दुसरे पाहुणे यायचे होते. त्या आत गेल्या आणि मासे वाफवायची पसरट थाळी घेऊन आल्या. झाकण इतकं खाली होतं की त्याखाली तेवढीच मावत होती.

मग सुरू झालं. नळीचं बूच काढायचं, थाळी भरायची, बूच लावायचं, थाळी ओतायची. मी काढायची, आंटी ओतायच्या. पाणी साबणाचं, कोमट, माझ्या पंजाबी ड्रेसच्या रंगाचं. सहा थाळ्या झाल्या, नऊ झाल्या, पाणी संपेना.

"किती राहिलं?" फोनमधून.

"मला काय दिसतंय आतलं!"

"धार बारीक झाली का?"

"डोळ्यांतली की नळीतली?"

"सव्वानऊ," अंकल म्हणाले.

बाराव्या थाळीला धार तुटली. मी दोरी ओढली. खट्. दार उघडलं. मी दोन्ही हात घालून सलवार बाहेर खेचली, नेफा उलटा केला, आणि पिन सापडली. उघडी. तिच्यात किल्ली नव्हती.

मी एकेक कपडा झटकला. कुडता, ओढणी, टॉवेल, मोजे. सगळं मोरीभर पसरलं. मशीनमध्ये डोकं घातलं. आत चकचकीत, रिकामं. फोनमधून हे विचारत होते, "मिळाली?"  त्यांच्या मागून जहाजाची घरघर ऐकू येत होती. मला वाटलं, संपलं. आता हा आवाज बाराला दूर जाणार आणि मी या ओल्या फरशीवर बसलेली असणार.

अंकलनी टोपी काढून बाजूला ठेवली, बाह्या सारल्या, माझ्या शेजारी उकिडवे बसले आणि दाराभोवतीच्या जाड रबराच्या घडीत बोट घालून सावकाश फिरवू लागले. वरून डावीकडे, डावीकडून खाली. आधी एक केसाची पिन निघाली. मग एक मोजा, जो माझा नव्हता. आणि अगदी तळाशी, खळ्.

"दिस वन?"

मी त्यांचे हात धरले का पाय, आठवत नाही. कपाट उघडलं, पासपोर्ट, पत्रं, डबी पर्समध्ये. आंटींनी सगळे ओले कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरून माझ्या हातात दिले आणि मला अक्षरशः दारातून ढकललं. "गो, गो! हझबंड वेटिंग!" व्हॅन निघाली तेव्हा नऊ एकवीस. ते एक मिनिट अंकलनी आपल्या खात्यातून दिलं.

पिअरवर शिक्का बसला तेव्हा दहाला सहा मिनिटं होती. लाँच सुटली आणि जुरोंग आयलंडवरच्या तेलकारखान्यांच्या चिमण्या एका बाजूला सरकू लागल्या, तेव्हा कुठे मला माझ्या गुडघ्यांवर ओले गोल दिसले. जहाजापाशी शिडी चढताना खाली पाहू नका म्हणतात. मी पाहिलंच नाही. मी वर पाहत होते. कठड्याशी बॉयलर सूट घातलेला एक माणूस उभा होता, पहिल्यापेक्षा बारीक आणि केसांनी पुष्कळ पांढरा. इंजिनाचे सुटे भाग, माझी बॅग आणि ती काळी पिशवी मागून दोरीने वर आली. पिशवीतून पाणी गळत होतं.

"हे काय?"

"धुणं. फक्त पिळायचं राहिलंय."

ते हसले, इतके की जवळचा खलाशीही हसायला लागला. मग पिशवी खांद्यावर टाकून म्हणाले, "इंजिनरूममध्ये वाळत घालतो, तासाभरात खडखडीत होतील. मला खाली जायचंय, निघायची तयारी आहे. केबिन माहीत आहे?" दोन पावलं जाऊन ते वळले. "अगं, आणि ते कुलूप?"

मी खिशात हात घातला. हाताला कडी लागली, कडीत दोन्ही किल्ल्या.

"कुलूप तिथेच राहिलं," मी म्हणाले.

"उघडं?"

मला आठवलं. पासपोर्ट काढला, कपाटाचं दार लोटलं, कुलूप अडकवलं, दाबलं, तीनदा ओढून पाहिलं आणि मगच धावले.

म्हणून सांगते. गेस्टहाउसमध्ये जाताना स्वस्तातलं, कात्रीने तुटेल असं कुलूप न्या. दोन किल्ल्या दोन ठिकाणी ठेवा. आणि रिकाम्या कपाटाला कुलूप लावू नका.

बाराच्या सुमाराला, केबिनमध्ये असताना, आंटींनी पाठवलेला फोटो फोनवर आला. जिन्याखालचं कपाट, त्यावर माझं पितळी कुलूप, आणि शेजारी हताश उभा असलेला किल्लीवाला. खाली लिहिलं होतं, "ही ऑल्सो कॅनॉट."

मी लिहिलं, "सॉरी आंटी, दोन महिन्यांनी येते," आणि पाठवलं. तेवढ्यात पायाखालची जमीन थरथरली. ह्यांनी इंजिन सुरू केलं होतं. मी फोन खिडकीशी धरला, उंच धरला, पण निरोप काही जाईना. या केबिनला मात्र खिडकी होती. तिच्यातून सिंगापूर हळूहळू मागे चाललं होतं.