बाबांचा घसा
नातवाला ताप आहे म्हणून आज तांदळाची पेज शिजवली, आणि त्या वाफेच्या वासाने चाळीसेक वर्षांपूर्वीचे बाबा आठवले. आई घशाच्या कॅन्सरने गेली. शेवटचे दोन महिने बाबांनीच तिला चमच्याने पेज भरवली होती. पुढे धान लोंबीवर आलं तेव्हा मी माहेरी आंबागडला गेले, तर बाबा पार वाळलेले, आणि पेजेशिवाय काहीच खात नव्हते. "मले गिळणं नाई होऊन राहिलं, बाई," ते म्हणाले. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना एसटीने तुमसरला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी बॅटरीने घसा पाहिला, मान चाचपली, आणि हे दुःख आहे, आजार नाही, असं सांगून ताकदीचं औषध लिहून दिलं. बसस्टँडवर आल्यावर बाबा उन्हाकडे तोंड करून थांबले आणि त्यांनी माझ्यासमोर जबडा उघडला. "तू पाय बरं." आजूबाजूचे लोक बघत होते, तरी मी टाचा उंचावून आत पाहिलं. "काईच नाई, बाबा," मी म्हणाले. त्यांनी तोंड मिटलं. "तुह्या मायच्या गळ्यातबी पयले काईच नोतं दिसत." बाबा नंतर नऊ वर्षं जगले. घशाला काही झालं नाही, पण अंग कधी भरलं नाही. मी माहेरी गेले की ते दाराशी उजेडात बसून तोंड उघडत, आणि मी आत पाहत असे. काय शोधायचं असतं ते मला तेव्हा कळत नव्हतं, आजही कळत नाही.