फायली बंद झाल्या तो सोमवार

आमच्या हॉस्पिटलात कागदी फायली बंद होऊन टॅब येणार असं कळलं, तेव्हा नर्स म्हणून मला बावीस वर्षं झाली होती. रक्त, जखमा, मरणं, सगळं पाहून झालं होतं. पण त्या काचेवर बोट ठेवायला मी घाबरायचे. पान भलतीकडेच उघडायचं. शिकवायला आलेली मुलगी म्हणायची, "मॅडम, एकदम सोपं आहे." मी मान डोलवायचे. कामोठ्याला घरी आल्यावर कुठे दाबायचं, मग कुठे, हे वहीत लिहून पाठ करायचे.

हॉस्पिटलच्या प्रमुख डॉक्टर मॅडमनी मीटिंगमध्ये सांगून टाकलं, "सोमवारपासून वॉर्डात एकही कागद नको."

"महिनाभर दोन्ही ठेवू या का?" मेट्रननी विचारलं.

"दोन्ही ठेवलं तर कुणीच शिकणार नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

त्या सोमवारी सकाळी पुरुषांच्या वॉर्डात मी एका काकांना इंजेक्शन द्यायला गेले. तुर्भ्याच्या मार्केटात पोती वाहणारे, मूळचे साताऱ्याकडचे. पायाची जखम चिघळली होती. टॅबवर नाव, बेड, औषध, डोस, सगळं जुळत होतं. सलाईनच्या नळीला सिरिंज लावली, तेवढ्यात काका म्हणाले, "ताई, मागल्या टायमाला हितंच एक सुई दिली हुती. अंगभर गांध्या उठल्या, दम कोंडला. ही ती न्हवं ना?"

माझा अंगठा सिरिंजच्या दट्ट्यावर होता. मी तो अलगद उचलला.

जुन्या फायलीच्या पुठ्ठ्यावरच आम्ही अशी ॲलर्जी लाल शाईने लिहायचो. टॅबवर शोधत गेले, तर तिसऱ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात होतं, पेनिसिलीन चालत नाही. आणि माझ्या हातातलं औषध त्याच जातीचं.

"थांबा हं काका, डॉक्टरांना विचारून येते," असं मी नेहमीच्या आवाजात म्हणाले आणि औषधांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. सिरिंज टाकून दिली तर कुणाला कळणार नव्हतं. सांगितलं तर म्हणतील, म्हातारीला टॅब वाचता येत नाही. मग एकदम डोक्यात आलं, आत्ता या क्षणी वरच्या मजल्यावर दुसरी कुणीतरी अशीच सिरिंज भरत असेल. तशीच धावत मेट्रनकडे गेले. त्यांनी मला थेट मॅडमच्या केबिनमध्ये नेलं.

"मी तिसरं पान उघडलं नव्हतं, मॅडम."

त्यांचा चेहरा उतरला. "दिलं नाहीत ना? नक्की?" दोनदा विचारलं. मग सगळ्या वॉर्डांना फोन केला की रेकॉर्ड रूममधून जुनी फाइल मागवून बघितल्याशिवाय एकही इंजेक्शन द्यायचं नाही. स्वतः जिने उतरून आल्या आणि आमच्याबरोबर बेडमागून बेड फिरल्या. बायकांच्या वॉर्डात आणखी एक केस सापडली. तिचा डोस दुपारचा होता. मॅडम तिथल्या स्टुलावर बसल्या.

दुपारी त्यांनी सगळ्यांना बोलावलं. मला वाटलं, आता माझं नाव निघणार.

"मेट्रन सांगत होत्या, मी ऐकलं नाही," त्या म्हणाल्या. "ही चूक सिस्टरची नाही, माझी आहे. सिस्टर, पडद्यावर सगळ्यात आधी काय दिसायला हवं, ते आता तुम्ही सांगायचं."

"ॲलर्जी. लाल अक्षरात," मी म्हणाले.

नंतर कित्येक आठवडे कागद आणि टॅब दोन्ही चाललं. टॅब उघडला की पहिल्यांदा ॲलर्जी दिसेल अशी सोय झाली. मॅडम रोज सकाळी वॉर्डात येऊन आमच्या अडचणी ऐकायच्या. एकेका वॉर्डातले कागद हळूहळू गेले, आमचे सगळ्यात शेवटी. काका स्वतःच्या पायांनी चालत घरी गेले.

आता माझं बोट काचेवर भराभर चालतं. तरी सुई टोचण्याआधी तळहाताला घाम येतोच.

परवा आणखी एका नव्या मशीनची मीटिंग होती. मॅडमनी विचारलं, "कुणाला धास्ती वाटतेय?" मी हात वर केला. मग मागून आणखी दोघींनी केला.