शिट्टी होईस्तोवर

कुस्ती न खेळता कुस्तीपायी सगळ्यात जास्त शिव्या खाल्लेला माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच होऊन गेला, आणि माझं नशीब असं की ते आमचे घरमालक निघाले. लंगोट त्यांनी जन्मात कसला नव्हता. हायस्कुलात गणित शिकवायचे; वहाणांसकट वजन केलं असतं तरी पन्नास किलो भरले नसते. तालमीवरून जाताना धुळीसाठी नाकाला रुमाल लावायचे. पण एकदा शाळेची सहल घेऊन हा माणूस मुंबईला गेला आणि मालकीणबाईंनी सांगितलेली साडी विसरून आंतरराष्ट्रीय फ्रीस्टाइल कुस्तीच्या नियमांचं इंग्रजी पुस्तक घेऊन आला. एकोणीसशे सत्तरच्या आसपासची ही गोष्ट. तेव्हापासून मास्तरांना जगात दोनच गोष्टी दिसायला लागल्या, गुण आणि दंडगुण.

समोरच्याला खाली घेतलं की एक गुण, त्याची पाठ गादीकडं वळवली की दोन, आणि लढायचं सोडून नुसतं फिरत राहिलं की ताकीद. एवढं तीन ओळींचं शास्त्र, पण मास्तरांनी ते साऱ्या पेठेला लागू केलं. नळावर दोन बायका भांडायला लागल्या की हे पायरीवर उभे राहून बोटं वर करायचे. "तुमचा एक, त्यांचे दोन. तुम्ही पाठ दाखवली," असं शांतपणे सांगून आत जायचे, आणि मग त्या दोघी मिळून यांच्यावर तुटून पडायच्या. कचेरीत एक कारकून दात कोरत बसलेला बघून म्हणाले, "पावणं, ही तुमची दुसरी ताकीद. तिसरीला कुस्ती गेली." त्या कारकुनानं यांचा कागद तीन महिने बुडाखाली दाबून ठेवला. मालकीणबाई म्हणायच्या, "ह्यांच्यासंगं भांडायचं तरी कसं? तीन मिनिटं झाली की एक मिनिट इसावा घेत्यात, पाणी पित्यात, आन् मग परत सुरू."

मला ते पुस्तक मिळालं तेच मुळी छळ म्हणून. आम्ही त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. माझे वडील जुने पैलवान, मी एकोणीस वर्षांचा आणि तालमीत बऱ्यापैकी नाव काढलेला. रोज संध्याकाळी मास्तर मला घराच्या पुढच्या सोप्यात बोलवायचे. खाली चार वाकळा अंथरायच्या, आणि पाठ धोक्यात कशी येते ते दाखवायला स्वतः लोडाशी कुस्ती धरायची. एकदा लोड अंगावर घेऊन असे पडले की चार दिवस कंबर सरळ होईना. तशातही कण्हत म्हणाले, "लोडाला दोन गुण दे." ह्या माणसावर चिडायचं तरी किती? त्यांच्या पुस्तकात गुणांवर जिंकणाऱ्यालाही एक दंडगुण होता. चितपट मारली तरच शून्य. "जिंकलास तरी तुझं कायतरी चुकलेलंच असतंय, पैलवान," असं ते मोठ्या समाधानानं सांगायचे. आणि रोज उठताना एक वाक्य ठरलेलं, "शिट्टी होईस्तोवर सोडायचं न्हाय. खांदे लागले म्हणून कुस्ती संपत न्हाय. पंच बघणार, कडेच्या पंचाला विचारणार, त्यानं हात वर केला तर गादीवर थाप मारणार. तोवर धरून ठेवायचं."

घरात शिकवण नेमकी उलटी होती. वडिलांचं म्हणणं, पाठ लागली की त्याच क्षणी उठायचं. "पडलेल्याच्या छाताडावर बसून ऱ्हाणं हे पैलवानाचं काम न्हवं. सोडायचं, मातीला हात लावायचा, कपाळाला लावायचा." कोल्हापुरात हे कुणाला शिकवावंही लागत नाही. मातीतल्या कुस्तीत पाठ लागलेली हजार माणसं बघतात, तिथं शिट्टीला कोण विचारतो?

त्या साली राज्याच्या संघासाठी निवड चाचणी आमच्याच गावात, गादीवर ठेवली. जिंकणारा दिल्लीला जाणार होता आणि तिथं टिकला तर परदेशात. वडिलांनी साऱ्या पेठेला सांगून ठेवलं होतं, नवा फेटाही आणला होता. मला तर रात्री झोप नव्हती. ह्या दोन खोल्यांतून बाहेर पडायचा तेवढाच एक दरवाजा मला दिसत होता. आणि नियम वाचलेला दुसरा माणूसच गावात नसल्यामुळं कडेचे पंच म्हणून आमच्या मास्तरांना बसवलं होतं.

शेवटच्या कुस्तीत मी सात-तीननं पुढं होतो. तिसरी फेरी, एक मिनिट राहिलेलं. मी हात अडवून नुसता फिरत राहिलो. मास्तरांच्या पुस्तकात ह्याला डोकं म्हणतात, आमच्या गावात पळपुटेपणा. "नाचायला आलाईस व्हय रं?" असा कुणीतरी आवाज टाकला आणि मैदान हसलं. मी वडिलांकडं बघितलं, तर त्यांनी फेट्याचं पुडकं काखेत मारून गादीकडं पाठ केली होती. माझं डोकंच फिरलं. मी आत शिरलो आणि ढाक मारली. गडी उताणा. त्याचे दोन्ही खांदे गादीला लागलेले मी माझ्या ह्या डोळ्यांनी बघितले. मैदान उठलं, टोप्या उडाल्या, वडील वळले. आणि मी त्याला सोडून उठलो, माती घ्यायला खाली वाकलो. तिथं माती कुठली, ताडपत्री. तेवढ्यात त्या गड्यानं मागनं माझे दोन्ही पाय ओढले, मला उलथा केला आणि छातीवर दाबून बसला. पंचानं कडेला बघितलं. मास्तरांचा हात सरळ वर गेला. थाप पडली. गुण सगळे माझ्याकडं, आणि चितपट मी.

आठवड्यात वडिलांनी खोल्या सोडल्या. मास्तरांच्या दारात कुणीतरी पाटीभर माती ओतली, ती म्हणे त्यांनी स्वतः झाडून काढली. तो गडी दिल्लीला गेला. मी शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीला लागलो, साच्यांची काळी वाळू तुडवायला. मास्तर समोरून दिसले की मी गल्ली बदलायचो. "त्या मास्तरानं खोटं सांगितलं असतं तर कुणाचं काय गेलं असतं?" असं वडील मरेपर्यंत म्हणत राहिले, आणि खरं सांगतो, मीही म्हणत होतो. पंधरा वर्षं मी त्या माणसाशी बोललो नाही.

मग एक दिवस मालकीणबाईंचा निरोप आला, अंथरुणाला खिळलेत, एकदा येऊन जा. दुपारी कामावर जाता जाता गेलो. मास्तर कुशीवर झोपले होते, पाठीला तोच लोड. मालकीणबाई म्हणाल्या, "डॉक्टर म्हणत्यात उताणं झोपा. ऐकतील तर शप्पत. पाठ टेकायची न्हाय म्हणत्यात." मला हसू आलं आणि त्याचाच राग आला. पंधरा वर्षं दातांत धरलेलं मी विचारून टाकलं.

"मास्तर, त्याचे खांदे लागलेले का न्हाय?"

"लागलेले की."

"मग?"

त्यांनी चादरीतून उजवा हात बाहेर काढला आणि सावकाश छातीपर्यंत उचलला. "हितपत्तोर आलता. अजून एवढा गेला असता तर तुझी कुस्ती होती. तेवढ्यात तू सोडलंस." हात तिथंच राहिला. "तो हात खाली घेताना मला काय वाटलं, ते कुणी इचारलं न्हाय बघ."

मग त्याच हातानं त्यांनी माझं मनगट धरलं आणि डोळे मिटले. पाळी चारची होती. साडेतीन वाजले तसं मालकीणबाई म्हणाल्या, "झोप लागलीय त्यांना. घ्या सोडवून, तुमचा खाडा हुईल."

"ऱ्हाऊ दे काकी," मी म्हणालो.

पाळी बुडली. त्या दिवशी मी सोडायची घाई केली नाही.