ढगाच्या कडेचं ऊन

हर्षाली शेवाळे नाशिकला एका सोलर कंपनीत होती. ऊन ढगात शिरलं की थेंबाथेंबावर आपटून कुठे विखुरतं आणि त्यातलं किती जमिनीवर पोचतं, हे गणित ती कॉम्प्युटरवर मांडायची. सोयीसाठी तिने ढग सपाट धरला होता, आभाळभर अंथरलेल्या गोधडीसारखा. बहुतेक जण तसाच धरतात.

ऑक्टोबरात कंपनीच्या नांदगावच्या प्लांटवरून उन्हाचे आकडे आले, ते स्वच्छ आभाळातल्या उन्हापेक्षाही जास्त. आभाळात ढग असताना ऊन वाढेल कसं? मॅनेजरनी तिचं मत मागितलं. हे शक्य नाही, असं तिने लिहून दिलं. तिथला ऊन मोजायचा मीटर दत्तू आहिरे सांभाळायचा. त्याने फोन करून सांगितलं, की मीटर बरोबर हाय, ढगांच्या फटीतलं ऊन लय चटकतं. तिने ऐकून घेतलं, पण लिहिलेलं बदललं नाही. मीटरशी छेडछाड केल्याचा ठपका ठेवून दत्तूला काढून टाकलं.

त्याचं बोलणं काही तिच्या डोक्यातून जाईना. दोन महिने खपून तिने गणितातल्या ढगांना उंची दिली, कडा दिल्या, मधे मोकळं आभाळ सोडलं. मग थेट ऊन आणि शेजारच्या ढगांच्या कडांवरून विखुरलेलं ऊन एकाच जागी पडू लागलं. आकडा दत्तूच्या आकड्याला जवळजवळ भिडला.

मॅनेजरनी नवं गणित आनंदाने ठेवून घेतलं. दत्तूचं प्रकरण मात्र मिटलंय, म्हणाले. तिने वरच्या साहेबांना तीनदा लिहिलं. उत्तर आलं नाही.

एका रविवारी ती नांदगावला त्याच्या घरी गेली. दत्तू आता मनमाडच्या मालधक्क्यावर पोती उचलत होता. त्याच्या आईने, गोजराबाईंनी, चहा ठेवला. हर्षालीने लॅपटॉप उघडून सगळं दाखवलं आणि चूक माझीच होती, असं सांगितलं.

"म्हणजे मी खोटं नव्हतो बोलत," दत्तू म्हणाला.

"नाही. तुमचं नाव घालून मी यावर लेख लिहिणार आहे."

"तो दाखवला तर कामावर घेतील का परत, ताई?"

तिने लॅपटॉप मिटला.

"नाही घेणार."

दत्तूने मान हलवली. चहा आला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, मीटरची काच नवा माणूस रोज पुसतो का. तिला तेही माहीत नव्हतं.