टाकी बघायला आलेले पाहुणे

चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला होता. आणि हसायचं तर हसा, पण शेवटपर्यंत ऐका. अर्ध्यावर उठलात तर मी तुम्हाला उगाच शहाणा वाटेन!

मी पुण्याच्या एका कंपनीत आहे, पण काम करतो परभणीच्या घरात बसून. ते काय असतं, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. मी हेडफोन लावून परदेशातल्या साहेबाशी बोलतोय आणि आई दारातून ओरडते, "पशा, रिकामाच हायेस तर दळण घेऊन ये की!" शेजारच्या काकू बाबांना धीर द्यायच्या, "पोरगं घरीच हाय का अजून? लागंल, लागंल. कुठं तरी लागंल."

या 'लागंल'पायी चांगली चांगली स्थळं गेली हो! मग वैशालीचं आलं. जिंतूरला शिक्षिका. पोह्यांच्या वेळी घाबरून मी चमचा पाण्याच्या ग्लासात घातला. बाकी सगळ्यांनी न बघितल्यासारखं केलं, ती एकटीच खळखळून हसली. संपलं! मी तिथंच खल्लास. हे स्थळ हातचं गेलं असतं तर मी खरंच आयुष्यभर झुरलो असतो. पण तिच्या घरच्यांचा निरोप काही येईना.

तेवढ्यात जिंतूरचा मित्र संजू धावून आला. त्यानं जुन्या मिनीबसचं मोटारहोम केलं होतं. आत पलंग, शेगडी, टेबल आणि मागं चक्क संडास. येलदरीच्या पाण्याजवळ त्याच्या सागाच्या झाडीत ती गाडी उभी. म्हणाला, "हितं बसून काम कर. घरच्यांना सांगायला बी बरं, पोरगं येलदरीला कामाला असतंय!"

मला पटलं. गेलो. मोर ओरडतायत, वारा येतोय, दळण नाही. फक्त रेंज खिडकीजवळच्या एका खुर्चीतच यायची. तिथून जरा हललं की परदेशातला साहेब तोंड उघडं ठेवून गोठायचा.

एके दिवशी सकाळीच संजूचा फोन. "संडासाची टाकी भरली असंल. दोन माणसं पाठवायलोय. मागं दाखव त्यांना, बाकी ते बघतील."

माझी मीटिंग सुरू झाली आणि दोन माणसं आलीच. एकांचा पांढराशुभ्र पायजमा-शर्ट, डोक्यावर टोपी. दुसऱ्यांच्या खांद्यावर रुमाल. टाकीवाल्याच्या मानानं फारच कडक इस्त्री, पण मला काय!

"रामराम! सहज आलो होतो. गाडी बघावी म्हटलं," टोपीवाले म्हणाले.

मी माईक बंद केला. "या या. पण आधी मागं बघा. ते जास्त महत्त्वाचं."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. "मागं काय हाय?"

"संडास! त्यासाठीच आलात ना?"

"व्हय, ते बी बघावंच लागतंय म्हणा," रुमालवाले पुटपुटले.

पण मागं जायचं सोडून दोघं आतच घुसले! डबे उघडून बघितले. पलंग दाबून बघितला. टोपीवाल्यांनी विचारलं, "शेती किती हाय? कोरडवाहू का बागायती?"

आता तुम्ही म्हणाल, इथं तरी तुझी ट्यूब पेटायला हवी होती. अहो, पण आपल्याकडं एसटीत शेजारी बसलेला माणूससुद्धा तिकीट काढायच्या आत शेती, पगार आणि मामाचं गाव विचारून घेतो! मी सगळं सांगितलं.

"आन् काम काय करता?"

"हेच. बसून बोलायचं."

"बसून बोलायचे पैशे देतेत?" रुमालवाले हळूच म्हणाले.

इकडं साहेब खवळायला लागला. मी खुर्चीतूनच संजूनं ठेवलेले रबरी हातमोजे पुढं केले. "हे घ्या. मागं खाली एक खटका आहे, तो ओढून बघा. लवकर आटपा."

टोपीवाल्यांनी हातमोजे असे धरले, जसं कुणी अनोळखी बाळ हातात दिलंय. पण माणूस मानी, 'मला येत नाही' कसं म्हणेल? गेले मागं. ओढला खटका.

पाइप न लावताच!

जी आरोळी आली ती साहेबानं माईक बंद असूनही ऐकली असावी. मी मीटिंग टाकून धावलो. शुभ्र पायजमा गुडघ्यापर्यंत गेलेला! "अहो, काम येत नाही तर येता कशाला?" असं ओरडत मीच बादली आणली, त्यांना बसवलं, माझ्या हातानं साबण लावून पाय धुतले आणि माझी पँट घालायला दिली. रुमालवाले लांब उभे राहून नुसते 'अरारारा' करत होते. दोघं तसेच निघून गेले, आणि मी संजूला शिव्या घातल्या. कसली माणसं पाठवतो हा!

तेवढ्यात बाबांचा फोन. "पशा, नीट ऐक. वैशालीचे काका आन् मामा तुझ्या चौकशीला निघालेत म्हणं. कोण हायेत ते सांगायचे न्हाईत, सहज आलो म्हणतील. लय अदबीनं वाग!"

चौकशीला कधीही न बघितलेलं माणूस पाठवायचं, ही तर आपली रीतच! मी ताबडतोब शर्ट बदलला, चादर झटकली. आणि खरंच, थोड्या वेळानं दोन माणसं आली. मी धावत जाऊन दोघांच्या पाया पडलो! पलंगावर बसवलं, चहा दिला, बिस्किटं दिली, पगाराची स्लिप उघडून दाखवली. दोघं बावचळून माझ्याकडं बघत होते.

"काका, मामा, मी तिला सुखात ठेवीन," मी म्हणालो. आणि बिस्किटांची बशी आणखी पुढं सरकवली.

त्यातला एक कप खाली ठेवून म्हणाला, "ते ठिवा तुमी. पन साहेब, टाकी कुठं हाय?"

सकाळची ती कडक इस्त्री डोळ्यांसमोर आली. म्हणजे... ते... आणि मी त्यांना... हातमोजे? डोकंच चालेना. टाकीवाले टाकी रिकामी करून गेले आणि मी पायरीवर कपाळाला हात लावून बसलो. गेलं स्थळ! स्वतःच्या हातानं घालवलं!

संध्याकाळी वैशालीचा फोन आला. तिकडून नुसतं हसणं. मग म्हणाली, "काका म्हणले, पोरगं कामाला हाय का न्हाई ते काय कळलं न्हाई, पन दुसऱ्याला कामाला लावतंय बराबर! आन् लग्नात आपन जावयाचे पाय धुवायचे असतेत, ह्यानं तर आधीच आपले धुतले. असा जावई कुठं मिळायचा?"

लग्न झालं. यंदा अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला सासरी बोलावलं होतं. पुरणाचे धोंडे, सगळं गणगोत जमलेलं. जावयाला वाण द्यायची वेळ झाली. टोपीवाले काकासासरे उठले आणि रेशमी रुमालानं झाकलेलं ताट माझ्यासमोर ठेवलं. मी मनात म्हटलं, अंगठी नक्की!

रुमाल उचलला. ताटात नवेकोरे रबरी हातमोजे.

काकासासरे हात जोडून म्हणाले, "जावईबापू, आधी मागं बघा. ते जास्त महत्त्वाचं."