सरदाराचं अस्तर

रंगाच्या आधी मारायचं अस्तर हेच खरं काम आणि रंग ही नुसती हौस, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत एकच होता आणि तो नेमका माझ्या मावशीच्या वाट्याला आला. आम्ही त्यांना काका म्हणायचो. कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाल्यावर काकांनी घरातली एकही लोखंडी वस्तू सोडली नाही. खाऱ्या हवेने गंज धरतो, हे निमित्त. खिडक्यांचे गज, शिडी, फाटक, सगळं घासून-पुसून त्यावर तांबडं अस्तर मारून ते मोकळे व्हायचे. रंग मात्र कशालाच लागत नसे. फाटक तर अकरा वर्षं तांबडंच होतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "रंग काय रे, कोणीही फासतो. अस्तराला माणूस लागतो." एरवीही त्यांचं असंच. पालीला लग्न असलं की आदल्या दिवशी एसटीने जाऊन मांडव कुठे घातलाय ते बघून यायचे आणि प्रत्यक्ष लग्नाच्या दिवशी दमून घरी झोपायचे. आहेर द्यायला मावशी एकटी जायची.

अशा माणसाचा एकुलता एक मुलगा, सुधीर, घरात न विचारता बोटीवर नोकरीला लागला. काकांनी त्याच्यासाठी कचेरीत शब्द टाकून ठेवला होता, तो फुकट गेला. हा राग त्यांनी तीन वर्षं पाळला. सुधीरची पत्रं मावशीच्या नावाने यायची. काका त्यांना हात लावत नसत. मावशी ती मोठ्याने वाचायची तेव्हा पलीकडच्या खोलीत काहीतरी शोधत असायचे, एवढंच. सुट्टी मिळाली तरी सुधीर मुंबईला मित्राकडे राहून परस्पर परत जायचा. मग पंच्याऐंशीच्या श्रावणात त्याच्या बोटीवरचा एक देवरूखचा माणूस पुडकं घेऊन आला. वर नाव काकांचं होतं.

आत शिशाचे बारीक तुकडे आणि चिठ्ठी. बोटीवर पोरं पटावर फौजा मांडून लढायचा एक विलायती खेळ खेळतात, त्यात राक्षस असतात, जादूगार असतात. त्यातला हा सरदार. 'बाबा, तुमच्यासारखा स्थिर हात इथे कोणाचा नाही. जोडून अस्तर मारून ठेवा. सुट्टीत येईन, रंगवीन आणि घेऊन जाईन.' काकांनी चिठ्ठी चारदा वाचली आणि चष्मा पुसायला मागीलदारी गेले.

पुढचे पंधरा दिवस घरात दुसरा विषय नव्हता. तुकडे रिठ्याच्या पाण्यात धुतले. साच्याच्या कडा बारीक कानशीने घासल्या. नुसत्या चिकटवण्यावर काकांचा विश्वास नव्हता, म्हणून सोनाराकडून गिरमिट आणून खांद्याला भोक पाडलं, त्यात टाचणीचा तुकडा बसवला आणि मग हात जोडला. बोटाएवढा सरदार रिकाम्या रिळावर उभा करून त्याला पांढरं अस्तर इतकं पातळ मारलं की चिलखताची एकेक कडी दिसत होती. धूळ बसू नये म्हणून वर तांदूळ धुवायची रोवळी पालथी घातली.

"अहो, माझी रोवळी! तांदूळ कशात धुऊ?" मावशी ओरडली.

"त्याला वाळू दे गो आधी. हवा बघतेस ना कशी आहे ती!"

दिवाळीनंतर सुधीर आला. बापलेक एकमेकांकडे न बघता चहा प्यायले. मग काकांनी रोवळी उचलली. सुधीरने बघितलं आणि त्याला हसू आवरेना. सरदाराला चार हात होते! एकात तलवार, एकात कुऱ्हाड, एकात निशाण, एकात कंदील.

"बाबा, हवे ते दोन लावायचे असतात. बाकीचे जादा!"

काकांचा चेहरा उतरला. "डोक्यावर मुकुट, अंगावर चिलखत आणि हात चार निघाले. मी कशाला विचारात पडतोय? देवाला असतात तसे लावले." मग उठले आणि पक्कड घेऊन आले. इतक्या दिवसांचं काम ते स्वतः मोडायला निघाले होते, आणि मला तिथे उभं राहवेना.

सुधीरने त्यांचं मनगट धरलं. "राहू देत." सरदाराला उजेडात धरून म्हणाला, "सांधा कुठेय तेच कळत नाही हो, बाबा. रंगवायला घेऊ?"

"आज नको," काका घाईघाईने म्हणाले. "खांद्याजवळ ओल आहे अजून. पुढच्या सुट्टीत बघू."

पुढच्या सुट्टीत, म्हणजे मे महिन्यात, सुधीर यायच्या आदल्या दिवशी मी गंमत म्हणून रोवळीखाली बोट घातलं. अस्तर ठणठणीत वाळलेलं. काका दारात उभे होते. "त्याला सांगू नको हां," ते हळूच म्हणाले. "रंगवून झाला की घेऊन जाईल तो. मग यायला काय निमित्त?" या माणसाला आम्ही वर्षानुवर्षं हसत आलो होतो, याची मला तेव्हा फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सुधीरने रोवळी उचलली आणि सरदाराच्या खांद्यावर अंगठा चांगला दाबला. काका खिडकीबाहेर बघत होते.

"ओलंच आहे की हो, बाबा," सुधीर म्हणाला आणि सरदार पुन्हा झाकून ठेवला.

त्यानंतर तो दर सुट्टीला आला, दर वेळी अंगठा दाबून बघितला आणि दर वेळी अस्तर ओलंच निघालं. मावशीने शेवटी तांदळासाठी दुसरी रोवळी आणली.